बाळंतपणानंतरचे शरीरसंबंध : हा प्रश्न विचारायचा कोणी?

सुईण सरकारी कागदात परत आली आहे, फक्त नाव बदलून. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नर्सिंगचं शिक्षण झालेल्या परिचारिकांना आणखी १८ महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं, त्यांना ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ म्हणायचं आणि जिथे बाळंतपणं जास्त होतात अशा रुग्णालयांत त्यांच्या देखरेखीखाली चालणारे कक्ष उघडायचे, अशी ती योजना. तेलंगणाने त्याच्या आदल्याच वर्षी करीमनगरात सुरुवात केली होती. पुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा त्याने मागे पडला आणि ‘मिडवाइफरी’ हा शब्द थेट कायद्याच्या नावात आला.

या सगळ्यावर चर्चा होते ती एकाच गोष्टीची : सिझर कमी होतील का, माता-बालमृत्यू घटतील का. प्रश्न योग्यच आहेत. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि साधारण चौघींपैकी एकीचं सिझर होतं. पण बाळंतपण तिथे संपत नाही. बाई घरी जाते, सव्वा महिना होतो, आणि त्यानंतर नवरा-बायकोमध्ये जे सुरू व्हायचं असतं किंवा सुरू होता होत नाही, त्याबद्दल तिला कोणी काही विचारत नाही. मला वाटतं, नव्या मिडवाइफचं खरं काम तिथे आहे.

मी बडनेऱ्यात जनरल प्रॅक्टिस करतो, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. त्यामुळे माझ्याकडे बाळंतीण ‘त्या’ तक्रारीसाठी येतच नाही. ती येते कंबर दुखते म्हणून, डोकं दुखतं म्हणून, अंगावरून जातं म्हणून, झोप लागत नाही म्हणून. बाळ सात-आठ महिन्यांचं. तपासणीत कंबरेचं काही सापडत नाही. मग आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर, ज्यांनी सरकारी नोकरीत एएनएम म्हणून उभं आयुष्य काढलं, तिला पडद्याआड नेतात आणि साध्या आवाजात विचारतात, ‘‘घरचे जवळ येतात तेव्हा दुखते का वं?’’ उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. ‘‘दुखते ना सिस्टर, टाके ओढल्यावानी होते. पण सांगू कोनाले?’’ मी पुरुष डॉक्टर. मी तोच प्रश्न विचारला तर ती खाली बघते. प्रश्न कोण विचारतं यावर उत्तर ठरतं, आणि मिडवाइफच्या बाजूने माझा पहिला मुद्दा हाच आहे.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला विचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बाळंतपणानंतरच्या काळजीच्या शिफारशी दिल्या, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की बाळंतपणानंतर दोन ते सहा आठवड्यांच्या तपासणीत प्रत्येक स्त्रीला शरीरसंबंध पुन्हा सुरू झाले का आणि त्यात दुखतं का, हे विचारावं. प्रत्येक स्त्रीला, म्हणजे तक्रार केली तरच नव्हे. तुमच्या घरात गेल्या पाच वर्षांत बाळंतपण झालं असेल तर आठवून बघा, हा प्रश्न कोणी विचारला होता का.

शरीरात नेमकं काय होतं

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘टाके विरघळले, रक्त थांबलं, म्हणजे सगळं पूर्वीसारखं’ असं नसतं.

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन खाली गेलेलं असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते. चाळिशी-पन्नाशीत पाळी गेल्यावर जे होतं, तेच इथे पंचविशीच्या मुलीला तात्पुरतं होतं. मन तयार असलं तरी ओलावा येत नाही, घर्षण होतं, जळजळ होते. यात तिचं प्रेम कमी झालं असा अर्थ काढणाऱ्या नवऱ्यांना मी हे हार्मोनचं गणित कागदावर काढून दाखवतो. त्याचा उपयोग होतो. कागदावर बाण काढले की माणसाला ते शास्त्र वाटतं.

दुसरं कारण टाक्यांचं. पहिलटकरणीला बाळ बाहेर येताना खाली छेद देण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे. छेद किंवा आपोआप झालेली फाट भरून येते, पण तिथला व्रण काही महिने कडक राहू शकतो. नैसर्गिक बाळंतपणात सरसकट छेद देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. ‘नवऱ्यासाठी एक टाका जास्त घाला’ असली विनोदी समजली जाणारी कल्पनाही जगभर फिरत असते. तिला वैद्यकीय आधार शून्य आहे, आणि घट्ट शिवलेल्या जागेतून सुख वाढत नाही, फक्त बाईचं दुखणं वाढतं.

मग सिझर झालेली बाई सुटली का? नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पहिलटकरणींचा मोठा अभ्यास झाला, १५०० हून अधिक बायकांचा. पहिल्या संबंधाच्या वेळी दुखलं असं ८५ टक्क्यांहून जास्त बायकांनी सांगितलं, आणि दीड वर्षानंतरही जवळपास चौघींपैकी एकीला दुखत होतं. दीड वर्षानंतर दुखण्याचं प्रमाण सिझर झालेल्या बायकांमध्ये साध्या बाळंतपणापेक्षा कमी नव्हतं, उलट जास्त होतं. त्याच अभ्यासात सहा आठवड्यांपर्यंत संबंध सुरू करणाऱ्या बायका निम्म्याहून कमी होत्या. म्हणजे सव्वा महिन्यानंतर तुमची इच्छा होत नसेल, तर तुम्ही एकट्या नाही, बहुसंख्येत आहात.

आणि तिसरं कारण कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही. रात्री तीनदा उठणं, कपडे दुधाने भिजणं, पोट सैल दिसणं, सासू त्याच खोलीत झोपणं, पुन्हा दिवस राहतील ही भीती. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं होतं. नैराश्यात सर्वांत आधी मरते ती इच्छा. तिला आपण ‘नखरे’ म्हणतो.

लंडनच्या एका रुग्णालयातल्या पहिलटकरणींच्या २००० साली छापलेल्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत ८३ टक्के बायकांना काही ना काही लैंगिक त्रास होता. त्यातल्या फक्त १५ टक्के बायका त्याबद्दल डॉक्टर किंवा नर्सशी बोलल्या होत्या. हे लंडनचं. वऱ्हाडाचं तुम्हीच ठरवा.

सव्वा महिना चांगला, पण तो आदेश नाही

आपल्याकडची सव्वा महिन्याची पद्धत मला आवडते. ४० दिवस बाई बाजेवर, आईच्या हातचं जेवण, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, आणि नवरा दूर. गर्भाशय आकसायला, आतली जखम भरायला, रक्तस्राव थांबायला साधारण सहा आठवडे लागतात. म्हणजे आज्यांचा हिशेब वैद्यकशास्त्राशी जुळतो. खोलीत धूर करणारी शेगडी आणि बाळंतिणीचं पाणी तोडणं एवढं सोडा, बाकी ठेवा.

चूक होते ती पुढे. सव्वा महिना ही ‘याआधी नको’ अशी रेघ आहे. घरात ती ‘यानंतर पाहिजेच’ अशी वाचली जाते. एकेचाळिसाव्या दिवसापासून बाईचं ‘नाही’ हे दुखण्याचं राहत नाही, ती हट्टी ठरते.

आणि नेमक्या याच वेळी ती गाव बदलते. पहिलं बाळंतपण माहेरी. समजा, सासर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत, माहेर मूर्तिजापूर तालुक्यात. सरकारच्या घरोघरी नवजात काळजी कार्यक्रमात आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा वेळा जातात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सहाही भेटी माहेरच्या आशाताई करतात. ओळख होते, बाई थोडी मोकळी होते. मग दोन-तीन महिन्यांनी तिला वाजतगाजत सासरी पोहोचवतात. संबंध सुरू होतात ते इथे, आणि इथल्या आशाताईंच्या वहीत ती बाळंतीण नाहीच. तिच्या नावापुढे पुढची नोंद होते ती बाळाच्या लसीची. जिथे प्रश्न सुरू होतो तिथे विचारणारी बाई संपते. कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वात माहेर-सासर हा शब्द नसतो, पण वऱ्हाडात आरोग्यसेवा त्याच वाटेवर हरवते.

दाई काय करायची

पूर्वी हे कोण बघायचं? दाई. तिचं काम नाळ कापून संपत नसे. सव्वा महिना ती रोज यायची, बाळाला न्हाऊ घालायची, आईचं पोट-कंबर चोळायची. चोळता चोळता गोष्टी निघायच्या. कोणाला काय दुखतं, कोणाचा नवरा थांबत नाही, कोणाला पुन्हा दिवस गेलेत, हे गावात सर्वांत आधी तिला कळायचं. मी दाईचं उदात्तीकरण करणार नाही. अस्वच्छ पातं, न धुतलेले हात यांनी बायका आणि बाळं दगावली आहेत, आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं दवाखान्यात गेली हे बरंच झालं. पण दाईकडून बाळंतपण काढून घेताना तिचा तो सव्वा महिना आपण कोणालाच दिला नाही.

तिला शिकवण्याचा प्रयत्न जुना आहे. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’च आहे. लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्ये उभा राहिला तो भारतात स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार करण्यासाठी. दीडशे वर्षांजवळ आलो आपण आणि अजून सुइणीचा अभ्यासक्रमच ठरवतो आहोत.

ऐकून घेणारी बाई मिळाली तर काय बाहेर येतं, याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा एखादा तरी आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. पुढे त्यांच्याच गटाने ३९ गावांतल्या ७७२ बाळंतिणींची नोंद घरोघरी ठेवली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली : सुमारे ४३ टक्के बायकांना बाळंतपणानंतरच्या काळात कुठला ना कुठला आजार झाला होता. आशाताईंच्या आजच्या त्या सहा भेटींचं मूळही गडचिरोलीच्याच कामात आहे. मात्र देशभर गेला तो त्यातला बाळाचा भाग. आईचं वजन कमी पडलं.

विषय बोलण्याचा म्हणाल, तर मराठीत तोही नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, आणि लैंगिक सुख स्त्रीचंही असतं हे छापून सांगितलं. वाचकांच्या शंकांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. नव्वद वर्षांपूर्वी हे झालं, आणि आजही ‘संबंध’ हा शब्द आला की वेटिंगमधले लोक मोबाईलमध्ये डोकं घालतात.

मिडवाइफने काय करायचं

तिचं काम प्रसूतिकक्षातच सुरू होतं. एकाच मिडवाइफने किंवा तिच्या छोट्या गटाने गरोदरपणापासून सोबत केली तर खालचा छेद देण्याचं प्रमाण कमी होतं, हे १५ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. छेद टळला की पुढचं निम्मं दुखणं टळतं. पण त्याहून मोठी गोष्ट ओळखीची. ज्या बाईने कळा सोसताना हात धरला होता, तिला ‘दुखतं का’ याचं खरं उत्तर देता येतं.

म्हणून माझं म्हणणं असं की बेचाळिसावा दिवस मिडवाइफचा असावा, आणि आणखी एक भेट तिसऱ्या महिन्यात, बाई ज्या गावात असेल तिथे. प्रश्न चार : संबंध सुरू झाले का, दुखतं का, तुमची इच्छा असते का, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करता. याला पाच मिनिटं लागतात. सोबत योनीमार्गाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायचे, टाक्यांची जागा बघायची, गरज पडली तर डफरीनला पाठवायचं.

हे आशाताईंवर टाकून चालणार नाही. आधीच त्यांच्या वहीत कामं मावत नाहीत. या सहा भेटींचे मिळून त्यांना २५० रुपये मिळतात. शिवाय आशाताई बहुतेक वेळा शेजारचीच, भावकीतली. तिच्याजवळ बोललेलं सासूच्या कानावर जाईल ही भीती खोटी नसते.

मला एक धास्ती आहे. १८ महिने शिकलेली मिडवाइफ परत येईल आणि तिला जनरल वॉर्डात, नाइट ड्यूटीत, रजिस्टर भरायला बसवलं जाईल. सरकारी व्यवस्थेत प्रशिक्षित माणूस जिथे रिकामी जागा असेल तिथे लावतात. कक्ष उघडले तरी त्यांचं यश मोजलं जाईल ते बाळंतपणांच्या आकड्यावर, कारण तो आकडा महिनाअखेरीस वर पाठवता येतो. दुखणं थांबलं, याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. हा रकाना टाकायला पैसा लागत नाही, आदेश लागतो.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता

तारखेला धरून बसू नका. रक्तस्राव थांबलेला, जखम भरलेली आणि तुमची स्वतःची तयारी असलेली, एवढं पुरे. ते सहा आठवड्यांनी होईल किंवा सहा महिन्यांनी. कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट जेल मिळतं. खोबरेल तेल कंडोमसोबत वापरू नका, रबर फाटतं. दुखलं तर थांबा. दात-ओठ चावून पुढे गेलात तर स्नायू दर वेळी आधीच आवळले जातात आणि दुखणं पक्कं होतं. सगळ्या जवळिकीचा शेवट संभोगातच झाला पाहिजे असं नाही, हे नवऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं. आणि तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. व्रणावर, कोरडेपणावर उपचार आहेत.

दिवस राहण्याबद्दल : पाळी आली नाही म्हणजे धोका नाही, हे खरं नाही. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. अंगावर पाजण्याचं संरक्षण मिळतं ते तीन अटी एकत्र पाळल्या तरच : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नाही, आणि पाळी परत आलेली नाही. यातली एक अट मोडली की दुसरा उपाय हवा. कॉपर-टी बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा मग सहा आठवड्यांनी बसवता येते. ‘अंतरा’ इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं, ‘छाया’ गोळीही चालते, दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नेहमीची ‘माला’ गोळी मात्र पाजत असताना पहिले सहा महिने घेऊ नका. पुढचा गर्भ किमान दोन वर्षांनी राहावा.

खालून दुर्गंधीयुक्त स्राव आणि ताप, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, पोटरी सुजून दुखणं, गॅस किंवा शौच धरून न ठेवता येणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सतत रडू येतं, बाळ नकोसं वाटतं, जगू नये असं वाटतं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही ‘नाही’ म्हणत असताना जबरदस्ती होत असेल, तर बाळंतपणाचा त्रास म्हणून ते सोसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो आणि महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे.

डॉक्टरांना तोंडाने सांगणं जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून सिस्टरच्या हातात द्या. ‘संबंधाच्या वेळी दुखते, बाळ पाच महिन्यांचं, टाके होते’ एवढं एक वाक्य पुरतं.